स्नायूचा आवाज ऐकणारं यंत्र

पन्नाशी-साठीतल्या माणसाला जमिनीवरून उठताना हात टेकावा लागू लागला, चालता चालता पायातली चप्पल निसटू लागली किंवा शर्टाचं बटण लावताना बोटं ऐकेनाशी झाली, की घरचे आधी वयाला दोष देतात, मग साखरेला आणि शेवटी मणक्याला. मणक्याचा एमआरआय निघतो. त्यात काही ना काही सापडतंच, कारण या वयात चकत्यांची झीज बहुतेकांना असते. ‘नस दबली आहे’ असं ठरतं आणि ताकद मात्र उतरतच राहते. यामागे कधी मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे हालचाल चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार असतो; त्याचं निदान पक्कं व्हायला लक्षणं सुरू झाल्यापासून सरासरी वर्षभर जातं. काही रुग्णांच्या मणक्यावर तोवर विनाकारण शस्त्रक्रियाही झालेली असते. अशा वेळी तपासण्या कमी पडलेल्या नसतात, त्यांचा क्रम चुकलेला असतो. आजार कोणता, हे विचारण्याआधी तो कुठे आहे हे विचारायला हवं. हे ठिकाण शोधायला मदत करणारं यंत्र जुनंच आहे: इलेक्ट्रोमायोग्राफ, म्हणजे दवाखान्यातल्या बोलीत ईएमजी.

मेंदूकडून आलेला हालचालीचा संदेश मज्जारज्जूतल्या चेतापेशीतून निघतो, नसेतून जातो, नस जिथे स्नायूला भिडते तो जोड ओलांडतो आणि स्नायूत पोचतो. या चारांपैकी कुठेही बिघडलं तरी ताकद जाते. कसलेला न्यूरोलॉजिस्ट अंदाज हातानेच बांधतो. मांड्या आणि खांदे आधी दुबळे झाले तर संशय स्नायूवर जातो; बधिरपणासह पाऊल लटकू लागलं तर नसेवर; संध्याकाळी पापण्या मिटू लागल्या तर जोडावर; आणि हात वाळतोय, स्नायू फडफडतोय, तरी हातोडीचा झटका जोरात येतोय, असं दिसलं तर चेतापेशीवर. रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूतून झिरपणारं द्रव्य, खूप वाढलेलं असेल तर स्नायूवरचा संशय बळावतो. इथे एक चकवाही आहे. एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताची समजली जाणारी द्रव्यं स्नायूतही असतात. त्यामुळे स्नायू झिजणाऱ्या मुलावर यकृताचे उपचार चालू राहतात. सोबत सीपीके पाहिलं असतं तर ते टळलं असतं.

ईएमजीची सुई १९२९ साली एडगर एड्रियन आणि डेटलेव्ह ब्राँक यांनी रचली: इंजेक्शनसारखी पोकळ सुई आणि तिच्या आत वेगळी ठेवलेली बारीक तार. तपासणीची सुरुवात मात्र बहुधा सुईशिवाय होते. नसेला विजेचा हलका झटका देऊन संदेशाचा वेग मोजतात. निरोगी हातात तो सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा जास्त असतो. नसेवरचं आवरण खराब झालं की तो बराच घसरतो. जोडावर संशय असेल तर सेकंदाला दोन-तीन झटके ओळीने देतात आणि प्रतिसाद दहा टक्क्यांहून जास्त उतरतो का, ते पाहतात. मग सुई. सैल सोडलेला निरोगी स्नायू गप्प असतो. नस तुटलेले तंतू मात्र आपसूक कुरकुरतात आणि स्पीकरमधून पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा आवाज येतो. नंतर रुग्णाला स्नायू आवळायला सांगतात. चेतापेशी मेल्या असतील तर उरलेल्या पेशी अनाथ तंतू सांभाळू लागतात, म्हणून पडद्यावर लाटा थोड्या पण उंच आणि रुंद दिसतात. आजार स्नायूतच असेल तर लाटा बुटक्या, आखूड आणि थोड्याशा जोरालाही गर्दी करणाऱ्या. एकाच दुबळेपणाची ही दोन चित्रं परस्परविरुद्ध आहेत.

यावर रास्त प्रश्न येतो: रक्ताच्या एका नमुन्यातून जनुकं वाचता येत असताना सुया कशाला? काही रुग्णांत त्या खरंच नकोत. लहान मुलगा स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत उठतोय आणि सीपीके हजारोंच्या घरात आहे, तर थेट डिस्ट्रॉफिन जनुक तपासावं. अगरवाल समाजात कॅल्पेन-३ जनुकातले दोन विशिष्ट बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्याचं मुंबईचे डॉ. सतीश खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडलं. तिथेही कंबर-खांद्याच्या दुबळेपणात जनुकतपासणी लवकर करणं शहाणपणाचं. पण पॉलिमायोसायटिस (स्नायूचा दाह), सीआयडीपी (नसेच्या आवरणाचा दाह), मायस्थेनिया (जोडाचा आजार) हे जन्मानंतर जडणारे आजार आहेत; त्यांचा उलगडा जनुकात होत नाही. मायोटोनिक डिस्ट्रॉफीतली जनुकाची वाढलेली पुनरावृत्ती नेहमीच्या एक्झोम तपासणीतून सहसा निसटते. शिवाय ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आलेल्या बदलाचं काय करायचं, हे ठिकाण माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: औषधच नसेल तर नाव कळून काय मिळणार? पण औषध नाही, हेही ठिकाण कळल्यावरच म्हणता येतं. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी हुबेहूब मोटर न्यूरॉन डिसीजसारखी वाटू शकते आणि इम्युनोग्लोब्युलिनने सुधारते. तरुण मुलाचा पंजा वाळवणारा हिरायामा आजार काही वर्षांनी बहुधा आपसूक थांबतो. जिथे आजार उलटवता येत नाही तिथेही हृदय आणि श्वास वेळेवर जपता येतात, बहिणीला आपण वाहक आहोत का हे कळतं. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात डुशेन (डिस्ट्रॉफिन जनुकातल्या दोषाचा स्नायूंचा आजार) आणि एसएमए (चेतापेशींचा आनुवंशिक आजार) आहेत, नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे; त्या दारात पक्कं निदान लागतं.

ईएमजी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो, हा तिसरा आक्षेप मात्र खराच आहे. नस दुखावल्यावर दोन-तीन आठवडे झाले नसतील तर सुईला ती कुरकुर ऐकू येत नाही, आणि स्टेरॉइडने आलेल्या दुबळेपणात रिपोर्ट बहुधा स्वच्छ येतो. म्हणून ‘सगळं नॉर्मल आहे’ एवढ्यावर फाईल बंद करू नये. कोणते स्नायू तपासले, चारपैकी कोणत्या जागा निकालात निघाल्या आणि ताकद उतरतच राहिली तर तपासणी पुन्हा कधी करायची, ही तीन उत्तरं घरच्यांनी मागून घ्यावीत. ती मिळाल्यावर पुढचा खर्च कशावर करायचा, हे ठरवणं सोपं जातं.