पाण्यातले लिंबूटिंबू

बडोद्याकडे मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे गेला, की चार-पाच मराठी कुटुंबे मिळून एक दिवस पाण्याकाठी घालविण्याचा बेत करतात. पूर्वी तो कोणाच्या तरी शेतातील विहिरीवर होई; आता शहराबाहेरील एखाद्या फार्महाउसवरचा पोहण्याचा हौद दिवसापुरता भाड्याने घेतला जातो. पाणी निळे, नितळ आणि जेमतेम चार फूट. पट्टीच्या पोहणाऱ्याला चार हात मारले की भिंत लागते. ज्याला पोहता येत नाही तो कठडा धरून उभा राहतो. मग मुले आपले खेळ आपणच निर्माण करतात, आणि ते जितके खुळचट तितके चांगले, असे आमचे मत बनत चालले आहे.

शर्यत लावली तर जिंकणारे आधीच ठरलेले असतात. आपल्याकडे धाकट्याला खेळात घेतात ते लिंबूटिंबू म्हणून. तो खेळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. खुळचट खेळात सारेच लिंबूटिंबू! एक अख्खे कलिंगड पाण्यात सोडून ते पलीकडच्या भिंतीला लावावयाचे, हा खेळ पाहा. कलिंगड तरंगते, परंतु मिठी मारली की निसटते. जो अधिक आवळील त्याच्या हातून अधिक वेगाने. दंड कमावलेले काका हात चोळीत राहतात आणि दुसरीतील मुलगी ते कपाळाने ढकलीत नेते.

अमेरिकेत वाढलेल्या एका भाचरामुळे ‘मार्को पोलो’ हा तिकडचा खेळ येथे आला. राज्य असलेल्याने डोळे मिटून ‘मार्को’ म्हणावयाचे, इतरांनी ‘पोलो’ म्हणून ओ द्यावयाची, आणि आवाजाच्या रोखाने त्याने त्यांना शिवावयाचे. त्या व्हेनिसच्या प्रवाशाच्या वृत्तांतात ठाण्याचा आणि गुजरातचा उल्लेख आहे खरा, पण आमच्या मुलांना त्याचे काय? त्यांनी ‘कांदे!’ अशी हाक आणि ‘पोहे!’ असे उत्तर ठरवून टाकले.

सर्वांत रंगतो तो ‘भाजीवाली’. प्रत्येकाने मनात एक भाजी धरावयाची. भाजीवाली पाठ फिरवून नावे पुकारते, आणि आपले नाव येताच तिने न पकडता पैलतीर गाठावयाचा. गेल्या खेपेस ‘दोडका’ म्हणताच एकही हलला नाही. ‘तुरिया’ म्हटल्याबरोबर दोघे सुटले! दोडका तोच तुरिया, हे काठावर पाय सोडून बसलेल्या आजींनी निवाड्यात सांगितले. मग पडवळ, घोसाळे, तोंडली अशी नावे आजींकडून मागून घेण्याची चढाओढ लागली. घरी मराठी बोलण्याचा आग्रह धरून जे साधत नव्हते, ते कंबरभर पाण्यात साधले.

जलक्रीडेचा हा नाद जुनाच आहे. चौसष्ट कलांत पाण्यावर थापा देऊन वाजविण्याचे उदकवाद्य आहे आणि पाणी उडविण्याचा उदकाघातही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने सुमारे ११३० मध्ये रचलेल्या ‘मानसोल्लासा’तील विविध क्रीडांत जलक्रीडेला स्थान आहे. पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहावयास शिकलेली आणि मुटके मारणारी पिढी तर अद्याप घरोघर आहे. मात्र ती विहीर खोल होती. चार फुटांच्या हौदात डोके खाली करून सूर मारणे म्हणजे मान मोडून घेणे. तेथे ते साफ बंद असावे.

दुसरा खेळ आम्ही निक्षून वर्ज्य मानतो, तो पाण्याखाली कोण अधिक वेळ श्वास रोखतो हा. श्वास घेण्याची ऊर्मी येते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्याने. बुडी मारण्यापूर्वी जोरजोराने श्वास घेतले, की तो वायू घटतो, ऊर्मी उशिरा येते, आणि तोवर प्राणवायू संपून मूल पाण्याखालीच शुद्ध हरपते. ते ओरडत नाही, हात हलवीत नाही. इतरांना वाटते, बाजी मारली!

म्हणून आमच्या मंडळीत एक ‘कोरडा गडी’ असतो. वीस मिनिटे त्याने पाण्यात उतरावयाचे नाही, गप्पा मारावयाच्या नाहीत, मोबाइल हाती धरावयाचा नाही. केवळ डोकी मोजीत राहावयाचे. पाळी मोठ्यांनीच आळीपाळीने घ्यावयाची, आणि जेवणानंतर ते कलिंगड कापले, की पहिल्या फोडी त्यांच्या.