मुक्ता

नातीच्या बारशाला चार दिवस उरले होते आणि घरात नावांची नुसती झुंबड उडाली होती. मी हळूच म्हटलं, ‘‘मुक्ता ठेवा.’’ सूनबाई हसली. ‘‘छान आहे हो आई, पण फारच जुनं वाटतं.’’

जुनं तर आहेच. माझ्या आजीचं नाव ते. पण हे मला कळलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. आजीला सगळे सरस्वतीबाई म्हणत. एका भाऊबीजेला तिचे थोरले भाऊ आले आणि दारातूनच हाक मारली, ‘‘मुक्ते!’’ साठीची आजी हातातली पळी तशीच टाकून धावली. मी विचारलं, तर म्हणाली, ‘‘ते माझं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेव्हा ते संपलं.’’

‘मुच्’ म्हणजे सुटणं, या संस्कृत धातूतून ‘मुक्त’ आला. मुक्ता म्हणजे मोकळी झालेली आणि मुक्ता म्हणजे मोतीही. शिंपल्यातून सुटतो म्हणून तो मुक्ता, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. आपला ‘मोती’ शब्दही ‘मौक्तिक’वरून आलेला. मराठी माणसाने मात्र कुणी वायफळ बोलू लागला की ‘मुक्ताफळं उधळली’ म्हणायचं ठरवून त्या मोत्यांची चेष्टाही करून घेतली!

महाराष्ट्रात हे नाव रुजलं ते संत मुक्ताबाईंमुळे. परंपरेनुसार त्यांचा जन्म 1279 चा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान यांची ही धाकटी बहीण. संन्याशाची पोरं म्हणून हिणवलेल्या ज्ञानदेवांनी उद्विग्न होऊन झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा ती उघडावी म्हणून मुक्ताबाईंनी केलेली विनवणी ‘ताटीचे अभंग’ म्हणून ओळखली जाते. चांगदेवांसारख्या योग्यानं त्यांना गुरू मानलं, असं परंपरा सांगते. 1297 मध्ये तापीतीरी त्यांनी देह ठेवला. जळगाव जिल्ह्यातलं एदलाबाद आज मुक्ताईनगर म्हणून ओळखलं जातं आणि आषाढीला तिथून मुक्ताईंची पालखी पंढरपूरला जाते. वयानं सर्वांत धाकटी, तरी वारकरी तिला ‘आई’ जोडून हाक मारतात, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

दुसरी मुक्ता पुण्याची. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली मुक्ता साळवे. 1855 मध्ये, चौदाएक वर्षांच्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्यांना वेद वाचायचाही अधिकार नाही, त्यांचा धर्म कोणता, असा तिचा रोकडा सवाल होता. एकीनं भावाला दार उघडायला लावलं, दुसरीनं समाजाचं बंद दार ठोठावलं.

आणि माझी आजी? तिनं अभंग रचले नाहीत, निबंध लिहिला नाही. तिला तर स्वतःचं नावही ठेवता आलं नाही. मोकळेपणाचा अर्थ असलेलं नाव एका ताटावर पुसलं गेलं आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या अंत्यसंस्काराच्या वेळीही गुरुजींनी ‘सरस्वती’च उच्चारलं. तेव्हा तिला मुक्ता म्हणणारे भाऊही उरले नव्हते.

हे सगळं मी त्या रात्री सूनबाईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, ‘‘पण आई, हिचं नाव हिनं लग्नानंतरही बदलायचं नाही.’’

‘‘मग काय तर!’’ मी म्हटलं.

बारशाच्या दिवशी बायकांनी पाळणा म्हटला, आत्यानं बाळाच्या कानाशी ‘कुर्र’ केलं आणि नाव सांगितलं. मला ते ऐकू आलं नाही. मला ऐकू आली ती भाऊबीजेच्या दिवशी दारातून आलेली हाक.