तोंड उघडेना : सांधा की सुपारी?

भिवंडीत कुणी ‘तोंड पूर्ण उघडत नाही’ म्हणालं, की दुखणं जबड्याच्या सांध्याचं असेल असं लगेच धरून चालत नाही. आधी खिशातली पुडी विचारावी लागते. यंत्रमागाच्या रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून गुटखा, मावा किंवा नुसती सुपारी गालात धरणारे इथं थोडे नाहीत. राज्यात 2012पासून गुटखाबंदी आहे, हे पुडी विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. सुपारीनं गालाचं आतलं अस्तर पांढुरकं आणि ताठ होतं, तिखट झोंबू लागतं, मग तोंड महिनोन्‌महिने आवळत जातं. सुपारीसोबत तंबाखू नसली तरी फरक पडत नाही. सुपारी एकटीही कर्करोगाला कारण ठरते. अशा तोंडात सांधेदुखीसाठी देतात ती दातांवरची पट्टी, म्हणजे स्प्लिंट, बसवून काहीच साधत नाही.

साधी पारख घरी होते. आपलीच तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का पाहायचं. दोनच गेली, तर डॉक्टरला दाखवायचं. मग कानाच्या भोकापुढं बोट टेकवून तोंड उघडायचं. बोटाखाली जे गोल टोक पुढं सरकतं, तोच सांधा. तो आधी बिजागरीसारखा फिरतो, मग पुढं घसरतो. मध्ये कुर्चेची चकती असते. ती जागेवरून सरकली की ‘कट्’ असा आवाज येतो.

आवाज आला म्हणजे सांधा झिजला, हा समज फार पसरलेला. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजावर बहुधा कुठलाच इलाज लागत नाही.

दात वाकडे म्हणून जबडा दुखतो, हा समज त्याहून चिवट. 1934 साली जेम्स कॉस्टन या अमेरिकी कान-नाक-घसातज्ज्ञानं मागचे दात पडल्यामुळं जबडा मागं सरकून कानावर दाब येतो, असं मांडलं. शरीररचनेच्या कसोटीवर ते टिकलं नाही, तरी दात घासून ‘चाव बरोबर’ करून देण्याची टूम मागं उरली. घासलेलं दंतवल्क परत उगवत नाही, त्यामुळं नुसत्या सांधेदुखीसाठी अशा इलाजाची घाई न करणंच शहाणपणाचं.

स्प्लिंट म्हणजे दातांचं माप घेऊन केलेली ॲक्रिलिकची पट्टी. झोपेत दात खाणाऱ्याचे दात ती झिजण्यापासून वाचवते, पण दात खाणं थांबवत नाही आणि सरकलेली चकतीही जागेवर आणत नाही. दीर्घकाळच्या दुखण्यासाठी ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकानं 2023 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटच्या बाजूनं कौल नाही. याउलट फिजिओथेरपिस्टनं हातानं केलेले उपचार, व्यायाम आणि वेदनेशी जुळवून घ्यायला शिकवणारं समुपदेशन यांची जोरदार शिफारस आहे. काही पेशंटना पट्टीनं आराम वाटतो, हेही खरं; मात्र मोजकेच दात झाकणारी पट्टी दिवसरात्र घातली, तर बाकीचे दात हलून चाव बिघडू शकतो.

हातानं उपचार म्हटलं की लोकांना हाडवैद्याचा झटका आठवतो. इथं ‘कडाक्’ काही नसतं. हातमोजा घातलेलं बोट गालाच्या आत घालून चावण्याच्या स्नायूतली गाठ दाबून धरतात, ती सैल पडेपर्यंत. खालच्या दाढेवर अंगठा ठेवून जबडा हळूच खाली ओढतात. घरचा अभ्यास वेगळा : जिभेचं टोक टाळूला, ओठ मिटलेले, दातांत फट. खाणं-गिळणं सोडलं तर दात एकमेकांना टेकायलाच नकोत, हे मात्र मोबाइलवर तासभर मान घातलेल्याला आठवत नाही.

तपासून घ्यायचं तर भिवंडीहून कल्याण-ठाण्याला येऊन लोकल धरली, की सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय गाठता येतं. पण जबड्यासोबत छाती दाबल्यासारखी वाटत असेल, घाम फुटत असेल, तर आधी जवळच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढायचा. हृदयविकाराचं दुखणंही जबड्यात उमटतं.