गार्डिनरचा बेडूक

महासागरातून स्वतंत्रपणे वर आलेल्या बेटांवर मूळचे बेडूक सहसा आढळत नाहीत. खारे पाणी त्यांच्या ओलसर त्वचेला व अंड्यांना घातक असते. डार्विननेही बेडकांच्या या अभावाची नोंद केली होती. हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर मात्र बेडकांचे एक संपूर्ण कुलच नांदत आहे. त्यातील गार्डिनरचा बेडूक जगातील अत्यंत लहान बेडकांपैकी एक होय.

तो माहे व सिल्हूट या दोनच बेटांवर, डोंगरउतारांवरील दमट अरण्यात पालापाचोळ्याखाली राहतो. प्रौढ बेडकाची लांबी जेमतेम 1 सेंटिमीटर भरते. डबक्याची त्याला गरजच नसते. मादी ओल्या जमिनीवर अंडी घालते आणि त्यांतून भैकेर नव्हे, तर चिमुकले बेडूकच बाहेर पडतात. त्याला कर्णपटल नाही, मध्यकर्णही नाही. तरीही तो स्वजातीयांची हाक ऐकतो. ध्वनीने त्याची मुखपोकळी निनादते व ती कंपने अंतःकर्णापर्यंत पोहोचतात, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

अशा प्राण्याचे वर्गीकरण करताना शास्त्रज्ञांचा गोंधळ उडाला, यात नवल नाही. 1911 मध्ये बूलेंजरने त्याला आफ्रिकेतील भेकांच्या एका प्रजातीत घातले. पुढे तो ‘सूग्लॉसस’ प्रजातीत गेला आणि 2007 मध्ये ‘सेशेलोफ्रायने’ ही नवी प्रजाती त्याच्यासाठी करण्यात आली. सूग्लॉसिडी कुलात आज त्याच्यासह चार जाती मोडतात. त्या सेशेल्सबाहेर कोठेही नाहीत.

त्यांचा सर्वांत जवळचा आप्त सापडला तो आफ्रिकेत नव्हे, तर केरळात. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली काढणाऱ्या, टोकदार नाकाच्या ‘नासिकाबॅट्रॅकस’चे वर्णन बिजू व बॉसुइट यांनी 2003 मध्ये केले. त्याला स्वतंत्र कुल द्यावे की नाही, याविषयी मतभेद आहेत; नाते मात्र सर्वमान्य आहे. त्याचा उलगडा भूगर्भशास्त्र करते. माहेचा ग्रॅनाइट सुमारे 75 कोटी वर्षांचा, म्हणजे गोंडवन खंडाचाच तुकडा आहे. भारत व सेशेल्स यांची भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकसंध होती. समुद्र ओलांडण्याचा प्रश्नच या बेडकांपुढे आला नाही. समुद्रच मध्ये आला.

आता त्यांना ओलावा हवा आहे. हवामान तापून उतार कोरडे पडू लागल्यास हे बेडूक वर सरकू पाहतील. पण माहेचे सर्वोच्च शिखर 905 मीटरवरच संपते.