वकील नसलेल्या पक्षकारानें काय करावें?

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. तथापि समन्स हातीं आल्यावर पायरी न चढण्यानेंच पुष्कळांचें नुकसान होतें.

सोलापुरांत हजारों स्त्रिया विड्या वळून संसार चालवितात. समजा, अशा एका बाईवर घरमालकानें जागा खालीं करण्याचा दावा लाविला. वकिलास द्यावयास पैसा नाहीं, म्हणून ती घरींच बसली. तारीख उलटते, एकतर्फी निकाल होतो, आणि बाजू खरी असूनही डोक्यावरील छप्पर जातें. जें कोणीं सांगितलेंच नाहीं, तें न्यायाधीशास कळावें कसें?

ही आपत्ति टळावी म्हणून १९७६ सालीं राज्यघटनेंत कलम ३९-अ घालण्यांत आलें. पुढें १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा झाला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला. त्यान्वयें प्रत्येक जिल्ह्यांत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण असतें. सोलापुरांत त्याची कचेरी जिल्हा न्यायालयांतच आहे.

स्त्रिया, बालकें, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, कारखान्यांतील कामगार व कोठडींतील आरोपी यांस मोफत वकील मिळतो. त्यांचें उत्पन्न पाहिलें जात नाहीं. इतरांस मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज मराठींत चालतो. लिहितां येत नसेल त्याची हकीकत ऐकून तेथील माणसें तो भरून देतात. प्रकरणांत सकृद्दर्शनीं तथ्य दिसल्यास वकील नेमतात. कोर्ट फीचा भारही पक्षकारावर पडत नाहीं, आणि नेमलेल्या वकिलानें त्याच्याकडून एक पैही घेतां कामा नये.

अर्जदारानेंही आपलें काम चोख करावें. समन्स, भाड्याच्या पावत्या, करारपत्र हीं सर्व बरोबर न्यावीं. दिवाणी दाव्यांत समन्स पोंचल्यापासून सामान्यतः ३० दिवसांत कैफियत द्यावी लागते. म्हणून तारखेच्या आदल्या दिवशीं धांवाधांव करण्यांत अर्थ नाहीं.

फौजदारी खटल्यांत आरोपीनें वकील मागितला नाहीं, एवढ्यावरून त्याचा हक्क बुडत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं दिला. दिवाणी दाव्यांत मात्र पक्षकारानें आपण होऊन मागणी केली पाहिजे. ही मागणी म्हणजे याचना नव्हे; कायद्यानें दिलेला तो हक्क आहे. कचेरीपर्यंत जाणें अवघड असल्यास १५१०० या क्रमांकावर दूरध्वनि करून प्रथम विचारपूस करावी. पण समन्स घरांत ठेवून स्वस्थ बसूं नये.