पाटा, वरवंटा आणि जाते : एक तौलनिक टिपण

धान्य दळण्याची दगडी साधने गतीच्या दृष्टीने दोन वर्गांत पडतात. पाट्यावर वरवंटा पुढेमागे सरकतो. जात्याचा वरचा दगड खालच्या स्थिर दगडावर खुंट्याने फिरविला जातो. युरोपीयांच्या आगमनापूर्वी अमेरिका खंडात दुसरा वर्ग नव्हता. तेथे मका पाट्यासारख्या दगडावरच वाटला जाई. मेक्सिकोच्या नहुआत्ल भाषेत या पाट्यास ‘मेत्लात्ल’ व वरवंट्यास ‘मेत्लापिल्ली’ अशी नावे आहेत. ‘पिल्ली’ म्हणजे अपत्य. अर्थात वरवंटा हे पाट्याचे मूल ठरते.

मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. बारशाच्या वेळी वरवंट्यास बाळाप्रमाणे सजवून पाळण्यात ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. दोन समाजांचा संबंध येथे कल्पिण्याचे कारण नाही. मोठा दगड स्थिर आणि लहान दगड हाताळता येण्याजोगा, या समान अनुभवातून समान रूपक निर्माण होऊ शकते. भेद इतकाच की, तेथे ते शब्दात स्थिरावले, येथे आचारात.

कलेच्या बाबतीत मात्र मार्ग भिन्न झाले. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका येथे जग्वाराचे मस्तक व पाय कोरलेले पाटे घडविले गेले आणि मृतांसमवेत पुरले गेले. मराठी घरातील पाट्यावरचे टाकीचे घाव मुख्यतः दगडाचा खरखरीतपणा राखण्यासाठी असतात. डहाणू व तलासरी तालुक्यांतील वारली समाजात कला दगडावर न उमटता भिंतीवर उमटली. विवाहप्रसंगी सुवासिनी पालघट देवीचा चौक लिहितात, तो तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने. दळणकांडणाची दृश्येही या चित्रांत आढळतात. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री लाभल्यावर या कलेची कीर्ती अधिकच पसरली.

‘जाते’ हा शब्द संस्कृत ‘यन्त्र’पासून आला. यंत्रमात्राचे नाव एकाच यंत्रास मिळावे, यातच त्याचे घरातील महत्त्व दिसते. आता दळण गिरणीत जाते. जात्यात धान्य घालणे या अर्थाचे ‘वैरणे’ आणि दगड पुन्हा खरखरीत करणे या अर्थाचे ‘टाकी लावणे’ हे प्रयोग कृतीबरोबरच मावळू लागले आहेत. चित्रातील जाते टिकेल. परंतु ते कसे चाले हे सांगणारी शब्दावली, दळणाऱ्या स्त्रिया हयात आहेत तोवरच, त्यांच्या तोंडून टिपून घ्यावयास हवी.