सुडो आणि मागे राहणारी शिदोरी

श्रोतेहो, समजा, शाळेत लिनक्सचा संगणक आहे आणि इंटरनेट प्रॉक्सीमार्फत येते. गुरुजींनी प्रॉक्सीचा पत्ता टर्मिनलवर ‘एक्सपोर्ट’ केला. साधी आज्ञा चालते. पण ‘सुडो ॲप्ट अपडेट’ म्हटले की संगणक ताटकळत बसतो. मग बिघडले कुठे?

बिघडलेले काहीच नाही. प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना नाव आणि किंमत अशा जोड्यांची यादी बरोबर घेतो. त्यांना एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणतात. प्रोग्रॅम कुठे शोधायचे ते ‘पाथ’ सांगतो, भाषा कोणती ते ‘लँग’. एरवी ही शिदोरी एका प्रोग्रॅमकडून पुढच्याला मिळते. सुडो मात्र ती दारातच ठेवून घेतो. मोजकी नावे तेवढी आत जातात.

का बरे? सुडो म्हणजे रूटचा अधिकार. ‘एलडी-प्रीलोड’ या व्हेरिएबलने आधी कोणती लायब्ररी चढवायची ते सांगता येते. त्यात कुणी लबाड लायब्ररी घातली आणि ती आत गेली, तर एकाच आज्ञेची परवानगी असलेला माणूस सगळ्या संगणकाचा धनी होईल! बऱ्याच ठिकाणी ‘पाथ’सुद्धा सुडो स्वतःचाच ठरलेला वापरतो, म्हणून आपल्या फोल्डरातला प्रोग्रॅम तिथे सापडत नाही.

इथे एक चकवा आहे. ‘सुडो एको’ लिहून पुढे डॉलर-चिन्हासह व्हेरिएबलचे नाव दिले, तर किंमत दिसते खरी. पण ती आपल्या शेलने सुडोला हाक मारण्याआधीच भरलेली असते. खरी स्थिती पाहायची तर ‘सुडो प्रिंटएन्व्ह’ चालवावे.

उपाय सोपा आहे. परवानगी असेल तर सुडोनंतर आणि आज्ञेच्या आधी नाव, बरोबरचे चिन्ह आणि किंमत लिहावी. तेवढीच नोंद आत जाते. कायमची सोय हवी असेल, तर सुडोअर्स फाइलीत ‘एन्व्ह-कीप’मध्ये ते नाव घालावे, मात्र ‘व्हिसुडो’नेच, कारण तो फाइल जागी ठेवण्यापूर्वी चूक तपासतो. एक चुकीची ओळ गेली, तर सुडो वापरणेच अडू शकते!

जवळपास सगळी शिदोरी एकदम आत नेणारा मोठ्या ‘ई’चा पर्यायही आहे. पण रोजची सवय म्हणून तो वापरू नये. लागेल तेवढेच न्यावे, बाकीचे दाराबाहेर ठेवावे. मुलांना आज्ञा पाठ करून देण्याआधी, गुरुजी, हे कारण समजावून सांगा.